मधल्या बेटावरची एक मूठ गहू

२४ जुलै १९२७, रविवार. धुळे

उपासना झाल्यावर मिशनच्या साहेबांनी थांबवून घेतलं. तापीतल्या तीन बेटांवर यंदा कोण जाणार, हा प्रश्न. माझी बायको मार्था वारली त्याला नऊ महिने झाले, तिच्या जागी अजून कुणी नाही. साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही जा. शाळेचं मी बघतो. परत आल्यावर रिपोर्ट लिहा. नऊ वर्षं आपली नाव तिकडे जाते, एक बाप्तिस्मा नाही. नाव चालू ठेवायची की बंद करायची, ते कमिटी सप्टेंबरात तुमच्या रिपोर्टावर ठरवील."

हो म्हणालो. का म्हणालो, ते…

मार्था दरवर्षी म्हणायची, यंदा तरी चला. मी दरवर्षी शाळा पुढे करायचो. शाळा होतीच. खोटं नव्हतं.

२५ जुलै, सोमवार

मा.ची औषधांची पेटी उघडली. झाकणाच्या आत तिच्या अक्षरात यादी चिकटवलेली: कोणती बाटली कशाची, लहान मुलाला किती, म्हाताऱ्याला किती. इस्पितळातून तापावरचं कोयनेल, बोरिक, टिंचर, पट्ट्या भरून घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी तासभर शिकवलं. गळू कसं फोडायचं तेही. हात थरथरत होता. म्हणाल्या, "मार्थाचाही पहिल्या वर्षी थरथरायचा."

हे मला ठाऊक नव्हतं.

बाकी सगळे थंडीत दौरा काढतात. मा. पावसाळ्यात जायची. कारण उन्हाळ्यात ही बेटं बेटं नसतातच, माणसं वाळूतून चालत बाजाराला येतात. पाणी चढलं की तुटतात, आणि ताप नेमका तेव्हाच येतो.

२६ जुलै, मंगळवार. धरणगाव

धुळ्याहून चाळीसगाव, तिथून जळगाव, तिथून धरणगाव. तीन गाड्या. पेटी मांडीवर. शेजारच्या शेठजींनी विचारलं, आत काय? म्हटलं, औषधं. लगेच जीभ काढून दाखवली. पोट साफ व्हायला एप्समच्या मिठाची पुडी दिली. पहिला रोगी.

२७ जुलै, बुधवार. नदीकाठ

बैलगाडीनं काठावर. नावाडी नथूनाना. साठीच्या पुढचा, सुका, काळा, तोंडात सारखं काहीतरी चघळत असतो. मिशनची नाव यांच्याकडेच असते. मा. गेल्याचं त्यांना माहीत होतं. होळीला धरणगावच्या बाजारात कळलं म्हणे. बेटांवर कुणाला सांगितलं नाही म्हणाले. पेटी माझ्या हातातून घेतली आणि नावेत नेमक्या एका जागी ठेवली. तिथे पेटीच्या आकाराची झीज पडलेली आहे.

मग विचारलं, "मास्तर, पोहता येस का?"

नाही म्हटलं.

"मंग चांगलं शे. पोहणारा माणूस नावमा उड्या मारस. तुम्ही गप बठशात."

खरंच गप बसलो. पाणी चहाच्या रंगाचं, मध्येच आख्खं झाड वाहत जातं. भीती वाटली. पण ओरडलो नाही. नाना म्हणाले, अक्का पहिल्या वर्षी ओरडली होती.

सगळे तिला अक्का म्हणतात.

२८ जुलै, गुरुवार. खालचं बेट

काठावर बायका जमल्या. पेटी पाहून "अक्का उनी, अक्का उनी" असा गलका. मी उतरलो. म्हटलं, "ती नाही. कार्तिकात गेली. न्यूमोनिया झाला." एका दमात सांगून टाकलं. वाटलं होतं, ते बरं.

एक म्हातारी चिखलातच बसली. मग सगळ्याच. मला मध्ये घेऊन रडल्या. मी मेलेलीचा नवरा, मी रडलो नाही, पेटी धरून उभा. दुपारपर्यंत एकही रोगी तपासता आला नाही.

२९ जुलै, शुक्रवार

कोयनेल अकरा जणांना. डोळे सहा. एका पोरीच्या कानातून हरभरा काढला. आत मोड आला होता. तिच्या बापानं तो हरभरा परसात पेरला, म्हणाला, वाण चांगलं शे. आज बऱ्याच दिवसांनी हसलो. नानांनी पाहिलं.

संध्याकाळी प्रार्थना. चौदा जण. मी वाचलं, ते ऐकत राहिले. मग विचारलं, गाणं? अक्का गाणं म्हनायची. मला गाता येत नाही.

३० जुलै, शनिवार. मधलं बेट

पाणी वाढलं. तासाच्या वाटेला तीन तास.

वाटेत ठरवत होतो, इथे कसं सांगायचं. नानांना म्हटलं, तुम्ही सांगाल का? म्हणाले, "तुमनी बायको, तुम्ही सांगा. मना तोंडले कुलूप."

कौतिकबाई गुडघाभर पाण्यात उतरून नावेला हात लावायला आल्या. या घरात मा. दरवर्षी उतरायची. जाड, बुटक्या, कपाळभर गोंदण, साऱ्या बेटाला ऐकू जाईल असं हसू. नऊ वर्षांपूर्वी मा.नं यांच्या सुनेला सोडवलं, पोर आडवं होतं. तेव्हापासूनची ओळख.

"तुम्हीच का मास्तर? अक्का कोठे शे? मागून येस का?"

मी तोंड उघडलं. ते हसू पाहिलं. म्हणालो, "यंदा मी आलो."

"बरं बरं. पूर उतरना का येई." आणि पेटी डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

नाना माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

३१ जुलै, रविवार

सकाळी निंबाखाली उपासना. एकवीस जण, त्यात बकऱ्या धरून आलेल्या सात पोरी. बकऱ्या मोजल्या नाहीत.

आज सांगणार होतो. कौतिकबाईंनी सकाळी सकाळी बाजेवर गोधडी घातली. म्हणाल्या, ही अक्काची जागा, तोवर तुम्ही निजा.

उद्या सांगेन.

१ ऑगस्ट, सोमवार

को. नऊ. खरूज फार. गंधकाचं मलम उरत नाही आता. दगडूआबा, म्हणजे कौतिकबाईंचे थोरले दीर, पाठीवर लिंबाएवढं गळू घेऊन बसलेत. उद्या फोडतो म्हटलं. रात्रभर डॉक्टरीणबाईंचं शिकवणं मनात घोकलं.

२ ऑगस्ट, मंगळवार

चाकू उकळून तयार. आबा पाठ उघडी करून बसलेले. कौतिकबाई धावत आल्या. "आज चाकू नही! नागपंचमी शे. आज काहीच चिरतस नही." भाजीसुद्धा चिरत नाहीत, जमीन खणत नाहीत. मी म्हटलं, गळू वाट बघणार नाही. आबा म्हणाले, "गळू मनं शे. ते वाट पाही."

चाकू पुसून ठेवला. बायका दिवसभर झोक्यावर. कौतिकबाईंचा झोका फांदीला लागून कडकड वाजतो, तरी खाली उतरत नाहीत. मला म्हणाल्या, या मास्तर. मी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, "अक्का तर पदर खोचीसन चढे."

मार्था, झोक्यावर. पदर खोचून. धुळ्यात ती कंपाउंडातून चालतानासुद्धा पदर डोक्यावरून ढळू द्यायची नाही.

३ ऑगस्ट, बुधवार

गळू रात्रीच आपलं आपण फुटलं. आबा आनंदात. माझ्याहून नागोबा मोठा डॉक्टर ठरला. स्वच्छ करून पट्टी बांधली.

नाना संध्याकाळी जवळ येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, गोठ मोठी व्हत जास. लहान व्हती तव्हय सांगनी व्हती." गोठ म्हणजे गोष्ट.

ठाऊक आहे.

५ ऑगस्ट, शुक्रवार

जे व्हायचं ते झालं. माझ्या गप्प बसण्यानं.

परवा रविवारी इथे कानबाई देवी बसणार. घरोघरचा सण. त्याचे रोट करतात, म्हणजे गव्हाच्या जाड भाकऱ्या. बेटावर बारा महिने ज्वारी-बाजरी. गहू एवढाच, कानबाईचा, वर्षभर मडक्यात जपलेला. तो मोजतात मुठीनं. घरातल्या माणसागणिक एक मूठ, नाव घेऊन. ज्याची मूठ, त्यानं रोट खायलाच हवा. परक्याला देत नाहीत, लेक सासरी गेली की तिची मूठ मोजत नाहीत.

कौतिकबाई सूप घेऊन ओसरीवर बसल्या. थोरला लेक, एक मूठ. सून. धाकटा. नात यमुना. आबा. स्वतः. मग आणखी एक मूठ सुपात टाकली आणि म्हणाल्या, "आनि ही मनी अक्कानी."

माझ्याकडे बघून हसल्या.

मी तिथेच बसलो होतो. दोन हातांच्या अंतरावर. नऊ वर्षं ही मूठ मोजली जाते आहे, मला पत्ता नाही. मा. कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही, तिकडे तू काय खातेस.

नंतर विचारलं, चुकून जास्त मूठ पडली तर परत मडक्यात टाकता का? कौतिकबाई म्हणाल्या, "मूठ मोजी ती मोजी. ती परत जास नही."

६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दोघी जात्यावर, कौतिकबाई आणि सून. अर्धं दळण झालेलं. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "मार्था गेली."

जात्याच्या आवाजात ऐकू गेलं नाही. "काय म्हनतस?"

पुन्हा म्हटलं. ओरडून म्हणावं लागलं. मार्था गेली, अक्का गेली, नऊ महिने झाले, मी सांगितलं नाही.

जातं थांबलं.

रडतील असं वाटलं होतं. आधी चिडल्या. "आठ दिन! आठ दिन तू मना घरनी भाकर खादी, आनि तोंड उघाडं नही! मी तुले अक्कानी गोधडी दिधी!" पहिल्यांदा तू म्हणाल्या. बरं वाटलं, का कोण जाणे. मी खाली मान घालून ऐकलं. मग त्या रडल्या. मग मी. लोकांदेखत, जात्याच्या पाळीवर पिठात हात टेकून. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

तेवढ्यात दगडूआबा आले. त्यांनी जे म्हटलं ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. "मरेल माणूसनी मूठ जित्तासमा मिसळनी. आते हाई पीठ देवीले कसं चाली?"

खरंच. गहू सगळा एकत्र. अर्धा दळलेला. दुसरा गहू बेटावर नाही, नदी उतरू देत नाही. माझ्या एका न उघडलेल्या तोंडापायी या घरची कानबाई यंदा रोटावाचून बसणार. शेजारपाजारचे जमले. प्रत्येकाचं एक मत. कुणी म्हणे चाळून काढा. मूठभर पीठ कसं चाळणार.

कौतिकबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं. म्हणाल्या, "नवरा जित्ता शे ना? बायकोनी मूठ ती नवरानी. यानामा काय वाकडं शे?"

"पन तो खाई का?" आबा म्हणाले. "किरिस्ताव शे तो."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"अक्काबी किरिस्ताव व्हती," कौतिकबाई म्हणाल्या. "रविवारे हात लावे नही. सोमवारे देवी पानीमा गयी का मंग बठे. म्हने, देवी गयी, आते भाकर ऱ्हायनी."

नानांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. खरं आहे.

मी म्हटलं, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. आबा म्हणाले, "घ्या. गळूनी बी येक दिन वाट पाही." लोक हसले. दळण पुन्हा सुरू झालं. आणि दोघींनी गाणं धरलं:

मना भाऊ येशू, नाव लई उना,
सासरवाशीनले माहेर लई गया.

विचारलं, हे कुणाचं गाणं? म्हणाल्या, अर्धं अक्काचं, अर्धं आमचं. चाल जात्याची.

७ ऑगस्ट, रविवार

पहाटे एकटाच निंबाखाली बसलो. पंचवीस वर्षं मुलांना शिकवलं, देवापुढचं खायचं नाही. एकदा एका मुलाच्या तोंडातला पेढा थुंकायला लावला होता. चौथीतला. रडत होता. मी बरोबर वागलो असं तेव्हा वाटलं, संध्याकाळी मा.ला सांगितलंही. ती ताट वाढत राहिली.

प्रार्थना केली. उत्तर वगैरे आलं नाही. फक्त भूक लागली.

दहाला उपासना. कोणी येणार नाही असं धरून चाललो होतो, सणाची घाई. सगळे आले. नवी लुगडी नेसून आले, इथून थेट कानबाईकडे जायला बरं म्हणून. लहान मुलं पुढे. मी थोडकं बोललो. गाणं विचारलं त्यांनी. मला एकच पाठ होतं, कालचं. म्हटलं. बेसूर. पोरी हसून लोळल्या, मग मागून म्हणू लागल्या.

दिवसभर कौतिकबाईंच्या घरी केळीचे खांब, नारळाला डोळे, नथ, फुगड्या. मी अंगणाबाहेर बाजेवर. को. तीन. फुगडीत घसरून मुरगळलेला पाय एक.

८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन सगळं बेट पाण्यावर. आमच्याकडे नदीवर जावं लागतं, इथे कुठल्याही बाजूला चाललं तरी नदीच. यावरून दोन घरांत वाद, कोणत्या बाजूची धार पवित्र. शेवटी अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

परत आलो. ओसरीवर पंगत. कौतिकबाईंनी माझा पाट मांडला. नाना मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

बसलो. डोळे मिटून उपकार मानले, मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. ते सगळे थांबले तोवर. यमुनेनं आमेनसुद्धा म्हटलं, तिला मा.नं शिकवलंय.

रोट दुधात कुस्करून, वर गूळ. खाल्ला.

गोड लागला. नऊ महिन्यांत जेवणाला चव अशी आजच. दुसरा मागितला. कौतिकबाई कपाळावर हात मारून ओरडल्या, "अक्का येक खाये. मास्तरले दोन लागतस! आते पुढला सालले दोन मुठी मोजन्या पडतीन!" हशा. आबांना ठसका लागला, पाठीवर थापट्या मारताना गळवाची पट्टी सुटली.

पुढल्या साली म्हणाल्या. नाव बंद व्हायची असेल, हे इथे कुणालाच माहीत नाही. हेही मी सांगितलेलं नाही.

९ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं. एकदा शहाणपण आलंय तर वापरावं. बाप्तिस्मा नाही म्हणून साहेब नाव बंद करतील, माझ्या रिपोर्टावर आहे, असं ओसरीवर सगळ्यांना सांगितलं.

मग थोरला लेक म्हणाला, आमच्यातल्या दोघांचा करून टाका, नाव राहील. आबा म्हणाले, मना करा, मी म्हातारा शे, मना काय बिघडस. मी म्हटलं, असा होत नाही. कौतिकबाई म्हणाल्या, "नही. नावसाठी देव बदलतस नही. अक्काले ते आवडतं नही."

मी काय लिहिणार, असं कुणी विचारलं नाही. निघताना पेटी त्यांनीच डोक्यावर घेतली.

१० ऑगस्ट, बुधवार. वरचं बेट

उतरल्या उतरल्या सांगितलं. रडले. मीही. मग को. सतरा, दुपारच्या आतच. नाना म्हणाले, "आते तुमनं कुलूप गंजनं नही वाटस."

एका बाळाचा ताप उतरत नव्हता, गेले तीन दिवस. यादीप्रमाणे कोयनेल, ओल्या फडक्यानं पुसणं. तिन्हीसांजेला दूध ओढू लागलं. आई मला बघून हसली. मी पेटीच्या झाकणावरचं ते अक्षर पुन्हा एकदा वाचलं. लहान मुलाला किती.

१३ ऑगस्ट, शनिवार. नदीकाठ

उतरलो. नानांनी विचारलं, "पोहायला शिकनं शे का? पुढला साल?" म्हटलं, शिकवा. म्हणाले, पन्नाशीत बुडाला तर नाव मनं खराब व्हई.

१५ ऑगस्ट, सोमवार. धुळे

शाळा. मुलांनी फळ्यावर नाव काढली होती, त्यात मी, मिशा फार मोठ्या. पुसली नाही.

१७ ऑगस्ट, बुधवार

रिपोर्ट लिहिला. सहा पानं. बाप्तिस्मा: नाही. औषध दिलेले, उपासनेला आलेले, बाळ. कानबाईचा सोमवार लिहायचा की नाही यावर दोन दिवस अडलो. लिहिला तर साहेब म्हणतील, मास्तरच मूर्तीपुढचं खाऊन आले, मग हे लोक कसले वळणार, नाव बंद. कदाचित माझी शाळाही. नाही लिहिला तर नाव राहण्याची आशा.

गप्प राहून काय होतं ते पाहून आलोय.

एक ओळ लिहिली: "सोमवारी मार्थाच्या नावाची मूठ माझ्या नावावर झाली, तिचा रोट मी खाल्ला."

१९ ऑगस्ट, शुक्रवार

रिपोर्ट ऑफिसात नेऊन दिला. आमचे रिपोर्ट मराठीत. शांतवनराव कारकून त्याचं इंग्रजी करतात, साहेब आणि कमिटी इंग्रजीच वाचतात. ते चष्मा लावून वाचत गेले. पाचव्या पानावर थांबले. दार लोटून आले.

"मास्तर, तुम्हीपण?"

काय तुम्हीपण, विचारलं.

त्यांनी कपाटातून जुने कागद काढले. मा.चे रिपोर्ट, नऊ वर्षांचे. प्रत्येकात सोमवारची ओळ. पहिल्या वर्षी, "रोट खाल्ला. खाताना भीती वाटली." तिसऱ्या वर्षी, "रोट खाल्ला. कौतिकबाई आजारी असल्यामुळे सुनेने केले, थोडे कडक." शेवटच्या वर्षी, "रोट खाल्ला. पुढल्या वर्षी यांना घेऊन यायचे."

यांना म्हणजे मला.

शांतवनराव म्हणाले, "बाई दरवर्षी लिहायच्या, मी दरवर्षी इंग्रजीत ती ओळ गाळायचो. त्यांना कधी सांगितलं नाही. बंद पडलं असतं हो सगळं. बाईंना वाटायचं, साहेबांना माहीत आहे आणि चालतंय." मग आवाज आणखी खाली. "तुमचीही गाळतो. कमिटीला काही कळणार नाही. नाव चालू राहील."

खिडकीतून मुलांचा गलका येत होता. त्यांनी टाक दौतीत बुडवून माझ्याकडे पाहिलं.

म्हटलं, "राहू द्या. घाला."

"विचार करा, मास्तर."

"केला. आणि तिच्या नऊ ओळीही घाला. माझ्या ओळीच्या वर."

शांतवनराव बराच वेळ टाक तसाच धरून बसले. शाई कागदावर पडली. मग नवा कागद घेतला.

बाहेर आलो. काय केलं हे, असं वाटायला हवं होतं. चालता चालता जात्याचं गाणं गुणगुणत होतो. तिसरीतल्या दोन मुलींनी ऐकलं आणि तोंडावर हात दाबून पळाल्या.

२२ ऑगस्ट, सोमवार

शाळा सुटताना बंगल्याचा शिपाई आला. साहेबांनी बोलावलंय, आत्ता.

विचारलं, रागावलेत का?

"काय की. दोनदा वाचलं. मग बाईसाहेबांना वाचून दाखवलं."

"मग?"

"बाईसाहेब हसल्या. मग डोळे पुसले."

"आणि साहेब?"

"साहेबांची पाठ होती माझ्याकडे."

टोपी घालतो. निघालो.